पायाळू वाचक

आमच्या आचोळ्यात पुस्तक फिरतं म्हणजे काय होतं, ते पाहायचं असेल तर ‘प्रतिपश्चंद्र’ची आमच्या घरातली प्रत पाहावी. डॉ. प्रकाश कोयाडे यांची ही कादंबरी. शिवाजी महाराजांच्या काळातला दडवलेला खजिना आणि त्याच्या मागावर निघालेली आजची माणसं, असा तिचा विषय. नातवाने आणली तेव्हा कोरी करकरीत होती. आता मूळ कव्हराच्या जागी कॅलेंडरचं पान आहे, पाठीला डिंकाचे ओघळ आहेत आणि एका पानावर चहाच्या कपाचं गोल गोल वर्तुळ. सात-आठ घरं तरी ती हिंडून आली असेल. माझ्या आठवणीत आमच्या आळीत असं हिंडलेलं दुसरं पुस्तक म्हणजे नाथमाधवांचं ‘वीरधवल’. ते बाबा कंदिलाशी बसून मोठ्याने वाचायचे आणि शेजारपाजारचे ओटीवर येऊन ऐकायचे.

तलावाच्या काठी संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण बसतो. त्यातले निम्मे मूळ गाववाले, निम्मे बिल्डिंगवाले. गाव आता गाव राहिलेलं नाही. 2009 ला महानगरपालिका आली, 2014 ला ठाणे जिल्ह्याचा पत्ता जाऊन पालघर लिहायला लागलो. शेतं तर त्याच्या कितीतरी आधीच इमारतींखाली गेली होती. पण तलाव आहे, आणि तलावाच्या काठी बसून दुसऱ्याचं म्हणणं खोडून काढायची सवय आहे. कादंबरीवर जे काही बोलणं झालं, ते तिथेच झालं.

पहिलं मत नातवाचं. पोरगा इंजिनिअरिंगला. शाळेतलं मराठीचं पुस्तक सोडलं तर त्याने आयुष्यात मराठीत काही पुरं वाचलेलं मी पाहिलं नव्हतं. तो ही कादंबरी घेऊन रात्री झोपला नाही. सकाळी लोकलमध्ये उभ्याने वाचत गेला, दादर कधी आलं ते कळलं नाही म्हणाला. “आबा, एक कोडं सुटतं तोवर दुसरं येतं. ठेवताच येत नाही हो खाली.” मला विचाराल तर एवढ्यासाठीच मी त्या लेखकाचे आभार मानीन. ज्याला ठेवता येत नाही असं पुस्तक एकदा भेटलं, तो दुसरं शोधायला लागतो. त्याच महिन्यात पोराने माझ्या कपाटातून विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ काढलं.

दुसरं मत निवृत्त मास्तरांचं. हे रत्नागिरीकडचे, संस्कृत शिकवायचे. त्यांची तक्रार नावापासूनच सुरू. “प्रतिपद् अधिक चंद्र, संधी काय होतो? प्रतिपच्चंद्र. महाराजांच्या मुद्रेत तसंच आहे. हा ‘श्च’ आला कुठून?” सगळे गप्प. मग मास्तरच थोडे ओशाळून म्हणाले, “असो. पण मुद्रेतल्या शब्दाचा असा कोडं म्हणून उपयोग करायचं धाडस मला आवडलं नाही. ती मुद्रा म्हणजे राज्याचा शब्द. रयतेला दिलेला. तिच्याखाली कुलूप-किल्ली ठेवायची?” नातवाचं म्हणणं, प्रतिपदेच्या चंद्रासारखी वाढत जाणारी ही मुद्रा, एवढा तिचा अर्थ तरी आपल्याला या पुस्तकामुळे कळला, शाळेत फक्त पाठ करून घेतली होती. मास्तर यावर बोलले नाहीत. बहुधा दोघांचंही खरं होतं.

तेच मास्तर दुसऱ्या दिवशी जरा नरमले. म्हणाले, आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीची सुरुवातच मुळी अशी झाली. गुंजीकरांची ‘मोचनगड’ 1871 ची, तिच्यात मुख्य माणसं कल्पित आणि काळ तेवढा शिवाजी महाराजांचा. तेव्हा कल्पनेला दोष देऊन चालणार नाही. दोष असलाच तर शिवण कुठे आहे ते न दिसण्याचा. आपटे-गुंजीकर वाचणाऱ्याला ठाऊक असायचं की ही गोष्ट आहे. या पुस्तकात सनावळी, किल्ले, जागा खऱ्या, आणि त्यांच्या अंगाला अंग लावून रहस्य. अर्ध्या वाचकांना ते रहस्यही सनावळीसारखंच वाटतं.

वाटतंच. आमच्या वहिनीला वाटलं. तिने दुपारच्या वेळी, भाजी निवडता निवडता, नातीकडून वाचून घेतलं, आणि तिचा पहिला प्रश्न, “मग तो खजिना आता सरकारजमा झाला की नाय?” नात हसली. पण वहिनीचा दुसरा प्रश्न मला जास्त टोचला. “एवढं सोनं दडवलं, तर ते कुनाचं व्हतं? ज्याचं गेलं त्याला कुनी इचारलं?” ऐतिहासिक थरारकथेवर मी जी परीक्षणं वाचली, त्यांत हा प्रश्न कुणी काढलेला मला आठवत नाही. खजिन्याच्या गोष्टीत शोधणारे असतात, लपवणारे असतात, आड येणारे असतात. ज्याच्या घरातून ते आलं तो कुठेच नसतो.

सर्वांत रागावलेला वाचक साताऱ्याचा. तिशीतला पोरगा, पाठीवर पिशवी टाकून दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या गडावर जाऊन टाकी साफ करणारा. त्याला पुस्तक आवडलं, हे आधी सांगतो, कारण रागावलेल्या माणसाने हे कबूल केलं. पण तो म्हणाला, “काका, गडावर जा आणि बघा. जोत्यांखाली खड्डे, शिवलिंगाखाली खड्डे, समाध्या उकरलेल्या. कोण उकरतं? खजिना आहे असं ऐकलेला माणूस.” नातवाने विचारलं, मग सुरतेचं सोनं गेलं कुठं? त्यावर त्याने जे सांगितलं ते मला कादंबरीतल्या कुठल्याही कोड्यापेक्षा बरं वाटलं. “सुरत लुटली 1664 च्या जानेवारीत. त्याच वर्षाच्या शेवटाला मालवणला कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू. 1670 ला दुसऱ्यांदा सुरत, 1674 ला राज्याभिषेक. मधे लढाया, आरमार, माणसांचे पगार. खजिना शोधायचाय ना? तटाला हात लाव. तो तिथं आहे, चुन्यात.”

माझं मत मात्र मी दोन दिवस टाळलं. त्याचं कारण सांगायचं तर मला 1963 सालात जावं लागेल.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना पाय आधी आलेला. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं असा आमच्याकडचा समज. आणि आमच्याकडे धन म्हणजे फिरंग्याचं. वसईचा किल्ला पडला तेव्हा फिरंगी घाईघाईने हंडे पुरून पळाले, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालेलो. मी नऊ वर्षांचा असताना आज्याने एक भगत आणला. कोंबडं कापलं. माझ्या अंगठ्याच्या नखावर काळं अंजन लावलं, समोर दिवा धरला आणि विचारलं, “बघ पोरा, काय दिसतंय?”

नखात दिव्याची वात दिसत होती. दुसरं काही नाही. पण आजा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती नजर त्याने माझ्यासाठी आधी कधी काढली नव्हती. मी म्हटलं, “हंडा दिसतोय.” भगताने विचारलं, कुठे? मी म्हटलं, चिंचेखाली. कुठली चिंच? मला जी पहिली आठवली ती सांगितली. आमच्या खालच्या शेतातली, खाडीच्या बाजूच्या बांधाला लागून असलेली. मग पुढचं आपोआप आलं. हंड्यावर नाग आहे. नागाच्या पलीकडे एक घंटा आहे. घंटा मी का म्हटलं ते मला आजही सांगता येणार नाही. पण घंटा म्हटल्यावर आज्याने कपाळाला हात लावला, कारण वसईच्या चर्चच्या घंटा आपल्या लोकांनी नेऊन देवळांत बांधल्या हे त्याने ऐकलेलं होतं. ते खरंच आहे. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे. माझ्या खोट्याला खऱ्याचा असा टेकू मिळाला.

वैशाखात तीन रात्री खणलं. चिंचेची मुळं उघडी पडली, बांधाचा पाया पोखरला गेला. हाती एक गंजलेला कोयता आणि खापरं आली. चौथ्या रात्री बाबांनी कुदळ काढून घेतली. आषाढातल्या उधाणाला बांध तिथेच फुटला. खारं पाणी आत शिरलं ते पुढची तीन वर्षं भात झालं नाही. बैलजोडी गेली. बाबा मुंबईला गिरणीत लागले आणि ‘वीरधवल’चं वाचन बंद झालं. आजा जाईपर्यंत मी त्याला सांगितलं नाही की मला काही दिसलं नव्हतं. त्याने मला एकदाही दोष दिला नाही. उलट म्हणायचा, आपलीच जागा चुकली, पोराने बरोबर सांगितलं होतं.

आता कादंबरीबद्दल बोलतो.

रहस्यकथा लिहिणाऱ्याला मी त्या रात्रीपासून ओळखतो असं मला वाटतं. विचारणाऱ्याला ‘हो’ हवं असतं. आपण एक ‘हो’ म्हटलं की तो दुसरा प्रश्न स्वतःच आणून देतो, आणि दोन खऱ्या गोष्टींच्या मधे आपली एक ठेवली की तिन्ही खऱ्या दिसतात. ‘प्रतिपश्चंद्र’ वाचताना मला ती जोडणी दिसत होती आणि तरी मी पानं उलटत होतो. ही लेखकाची ताकदच म्हणायची. त्याने कुणाला फसवलेलं नाही, कादंबरी म्हणूनच लिहिलं, कादंबरी म्हणूनच विकलं. भगताने दक्षिणा घेऊन जे केलं ते आणि हे एकच, असं मी म्हणणार नाही. पण वाचक मात्र तेच असतात. आमच्या आज्यासारखे. पुस्तक मिटल्यावर ते म्हणत नाहीत की गोष्ट छान होती. म्हणतात, जागा चुकली.

म्हणून मला वाटतं अशा पुस्तकाच्या शेवटी दोन पानं असावीत. मी काय घेतलं, काय रचलं, एवढंच. त्याने थरार कमी होत नाही. जादूगाराने टोपी उलटी करून दाखवली तरी पोरं पुन्हा खेळ बघायला येतात.

आणि खरं सांगू, खऱ्याची थोडी जास्त चौकशी केली तर गोष्ट फिकी पडते असंही नाही. फिरंग्यांनी हंडे पुरले, या आमच्या लाडक्या कथेचंच घ्या. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांपुढे वसई पडली ती तहाने पडली. किल्ल्यातल्या लोकांनी आठ दिवसांत आपलं हलवता येण्याजोगं सामान घेऊन निघून जावं, अशी त्या तहाची अट होती. ज्याला सोनं उचलून न्यायची मुभा आहे तो ते आचोळ्याच्या खारात कशाला पुरून जाईल? हे मी पन्नाशी उलटल्यावर वाचलं. आज्याला वाचता येत नव्हतं.

आणि ज्यांना हंडाच हवा असेल त्यांच्यासाठी रेल्वेच्या पलीकडे, दोन-तीन मैलांवर, सोपाऱ्याचा स्तूप आहे. लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत आले. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो उघडला. आत दगडी पेटी. तिच्यात तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती बुद्धाच्या आठ कांस्यमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, आणि सर्वांत आत सोन्याचा करंडा. कुठल्या थरारकथेत यापेक्षा चांगला प्रसंग असेल मला माहीत नाही, एकात एक डबे उघडत जायचे आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आता. सोन्याच्या डबीत शेवटी काय निघालं? सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याचे बारके तुकडे. भिक्षापात्राचे असावेत असं मानतात. सगळं मोजून, लिहून, चित्र काढून ठेवलं. ते आज मुंबईला एशियाटिक सोसायटीकडे आहे.

खापरं आम्हालाही मिळाली होती. आम्ही ती खाडीत फेकली.

हे सगळं मी तलावावर सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की कादंबरी वेगवान आहे, एकदा जरूर वाचावी, आणि वाचून झाल्यावर कुदळ घरी ठेवावी. सातारकर पोरगा हसला. मास्तरांनी मान हलवली. पण नातू माझ्याबरोबर घरी येताना गप्प होता. त्याला पायाळूची गोष्ट त्याच्या आजीकडून अर्धी ठाऊक होती. जिन्यात त्याने विचारलं, “आबा, तुम्हाला खरंच काही दिसलं होतं का?”

साठ वर्षांत हे मला कुणी सरळ विचारलं नव्हतं.

“दिव्याची वात,” मी म्हटलं.

“मग सांगितलं का नाही?”

लाइट गेलेली होती. त्याने मोबाइलचा उजेड पायऱ्यांवर धरला आणि मी कठड्याला धरून वर चढत राहिलो. वर पोचल्यावर त्याने कपाटातून ‘प्रतिपश्चंद्र’ काढलं, पहिल्या कोऱ्या पानावर पेनने काहीतरी लिहिलं आणि पिशवीत टाकलं, उद्या ते विरारच्या मित्राला द्यायचं होतं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. पुस्तक परत आलं की बघीन.