स्लॅबचं अक्षर

अक्षरांच्या जगातही वरची आळी आणि खालची आळी आहे. बारीक रेघेचं, टोकाला निमुळतं होत जाणारं रोमन अक्षर पुस्तकात गादीवर बसतं. जाड, ठोकळ्याच्या पायाचं अक्षर भिंतीवर उन्हापावसात उभं राहतं. पहिल्याला आपले सौंदर्यवाले अभिजात म्हणतात. दुसऱ्याला भडक, बाजारी. मला या दुसऱ्याची बाजू घ्यायचीय, पण त्याचा हिशेबही मांडायचाय, कारण तेही काही धुतल्या तांदळाचं नाही.

आधी त्याचं अंग बघू. इंग्रजी अक्षराच्या दांडीला वर-खाली जी आडवी पट्टी असते तिला सेरिफ म्हणतात. बोडोनीच्या टायपात ती केसासारखी बारीक. स्लॅब सेरिफमधे ती जवळपास दांडीइतकीच जाड. स्लॅब म्हणजे आपण घरावर ओततो तोच. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सनं 1815-17 च्या सुमारास हे अक्षर 'अँटिक' नावानं नमुनापुस्तकात दाखवलं, तेही फक्त कॅपिटल. पुढे या जातीला 'इजिप्शियन' म्हणू लागले. इजिप्तच्या लिपीशी याचा काडीचा संबंध नाही. नेपोलियनच्या स्वारीनंतर युरोपात इजिप्तचं खूळ होतं, तेवढंच. कारखान्यांचा माल, लॉटऱ्या, नाटकं आणि रामबाण औषधं विकायला दुरून, चालता चालता वाचता येईल असं अक्षर हवं होतं. म्हणजे बाजारानं ते जन्माला घातलं हे खरंच. पण रस्त्यानं चालणाऱ्याचा विचार करून अक्षर घडवावं, हे त्याआधी कितीजणांना सुचलं होतं?

1845 मधे क्लॅरेंडन आलं. माझ्या मते या घराण्यातलं सगळ्यात समंजस. फॅन स्ट्रीट फाउंड्रीत पोलादावर त्याचे ठसे कोरले बेंजामिन फॉक्सनं. इतिहासात मालक रॉबर्ट बेस्लीचं नाव आधी येतं, मी कोरणाराचं आधी घेतो. क्लॅरेंडनचा पाय दांडीला बाक घेऊन मिळतो, एकदम काटकोनात आदळत नाही. a, c, r यांच्या टोकाला गोळा असतो. जाड-बारीक फरक आहे, पण बारीक रेघ उपाशी ठेवलेली नाही. चालू मजकुराच्या ओळीत एखादा शब्द ठसठशीत उठून दिसावा म्हणून हे केलं. शब्दकोशातले मूळ शब्द जाड छापायची रीत अशाच अक्षरांनी रुळवली. त्याला कायद्यानं फक्त तीन वर्षांचं संरक्षण मिळालं. मुदत संपली आणि बाकीच्या फाउंड्र्यांनी धडाधड नकला केल्या.

अमेरिकेत मात्र या अक्षराचं पोट उघडं पडतं. शिशाचे मोठे खिळे जड आणि महाग. 1827 मधे न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सनं लाकडी टाइप यंत्रानं कापायची सोय केली आणि पोस्टरांचा पूर आला. घोडा विकायचा, जमीन विकायची, तशी माणसं विकायची. गुलामांच्या लिलावाची आणि पळालेल्याला धरून देणाऱ्यास बक्षिसाची पत्रकं अशाच जाड ठशांत निघाली. वर मोठं काळं अक्षर, खाली वय, उंची, अंगावरचे वण. 1850 चा पळपुट्या गुलामांचा कायदा झाल्यावर 24 एप्रिल 1851 ची तारीख टाकून बॉस्टनमधे दुसरं पत्रक लागलं. शहरातल्या काळ्या लोकांनो, पोलिसांशी बोलू नका, ते तुम्हाला धरून देतील, अशी ती सूचना. मांडणी भिंतीवरच्या जाहिरातीचीच. वर तसाच जाड मथळा.

आता कुणी म्हणेल, बघा, टाइप निष्पाप असतो. मी नाही म्हणत. अक्षराला स्वभाव असतो आणि स्लॅबचा स्वभाव हुकूम सोडायचा आहे. म्हणून ते सरकारी फर्मानाला शोभतं. ते कुजबुजत नाही, गयावया करत नाही. बॉस्टनच्या त्या पत्रकानं हुकमाचा तोच आवाज उचलला आणि हुकूम देणाऱ्यावरच उलटवला. मला इथं या अक्षराची खरी किंमत कळते. दया मागायला ते निरुपयोगी आहे.

मात्र अख्खं पान त्यात लावाल तर डोळे थकतात. आपले काही कवी सबंध कविता जाड टायपात मागतात. त्यांनी क्लॅरेंडनमधे एक पूर्ण पान वाचून बघावं. सगळाच मजकूर दांडगा झाला की कुठला शब्द भांडतोय ते कळेनासं होतं.

आणि देवनागरीला हे पाय जोडायची हौस मला पटत नाही. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभं राहतं, आपलं शिरोरेषेला लटकतं. त्याला खाली ठोकळे लावले की मेजाचे पाय लावल्यासारखं दिसतं. जाडी वाढवायची तर आतल्या पोकळ्या बुजतात. द्ध, क्ष, ह्म बघा, शाईचा नुसता गोळा. आपला जाडपणा आपल्याला बोरूच्या कापातून काढावा लागेल.

तोवर सायक्लोस्टाइलवाल्यांनी काय करायचं? स्टेन्सिलच्या मेणकागदावर भरीव जाड अक्षर कोरलं की कागद फाटतो, शाई गळते. म्हणून नुसती किनार काढायची आणि आत तिरप्या रेघा मारायच्या. त्याहून काळा मथळा हवाच असेल तर लिनोचा ठोकळा कापा, अक्षरं उलटी कोरा आणि एकेक प्रत हातानं दाबून घ्या. शंभर प्रतींना दुपार जाते, जाऊ दे.