तारखेची वेस

मराठी साहित्याने वेस फार जवळून पाहिली आहे. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या कथेत रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण जात लपवून भाड्याची खोली मिळवतो, आणि गावकुसाची भिंत त्या खोलीच्या उंबऱ्यापाशी पुन्हा उभी राहते. दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये (1978) ती भिंत माणसाच्या आत नेली. तिथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार नावाच्या लेखकाला सांगतो. एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसतात. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (1980) बाहेर राहायलाही गाव नाही, कैकाड्यांच्या बिऱ्हाडाला दर मुक्कामी नवी वेस लागते. दाहक अनुभव त्या काळी अनेकांपाशी होता. ही पुस्तके टिकली, कारण प्रत्येकाने आपल्या सीमेला साजेशी रचना शोधली. आज तो शोध मंदावला आहे, असे माझे म्हणणे आहे, आणि ते तपासायला मुंबईच्या मानखुर्दसारखी जागा नाही.

1992 पर्यंत हार्बर मार्ग मानखुर्दला संपायचा. पुढे ठाण्याची खाडी. शेजारी 1927 पासूनची देवनारची कचराभूमी. 1976 मध्ये, आणीबाणीत, अणुसंशोधन केंद्रालगतची जनता कॉलनी पाडून तिथली माणसे जवळच्या चिता कॅम्पला नेली गेली. पुढे रेल्वेरुळांलगतच्या आणि रस्तारुंदीत गेलेल्या झोपड्यांतली कुटुंबे मानखुर्दच्याच लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतींत आली. ही सीमा वाटपाने मिळालेली आहे. सर्वेक्षणाची यादी, फोटोपास, वीजबिल, ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शेरे तिची हत्यारे आहेत. सर्वांत कडक वेस तारखेची: आधी 1 जानेवारी 1995, नंतर 1 जानेवारी 2000, आणि पुढे सशुल्क घरापुरती 1 जानेवारी 2011. त्याआधीचा पुरावा असलेला आत, नसलेला बाहेर, आणि दोघांच्या झोपड्यांमध्ये पत्रा एकच. काळालाच घातलेले हे कुंपण कादंबरीकाराला हाक मारणारे आहे, कारण काळ हेच कादंबरीचे द्रव्य. तरी झोपडपट्टी म्हटले की आपण अजून जयवंत दळवींच्या ‘चक्र’कडे आणि मधु मंगेश कर्णिकांच्या ‘माहीमची खाडी’कडे वळतो. दोन्ही 1960 च्या दशकातल्या, दोन्ही समर्थ. पण तिथे माणसाला झोपडपट्टीत आणते ते दारिद्र्य; सरकारी कागद अजून कथानकात शिरलेला नाही. गिरणगाव उठल्यावर माणसे कशी लोंबकळत राहिली हे जयंत पवारांनी लिहिले. या नव्या सीमेच्या सर्वांत जवळ तेच पोचले होते, आणि 2021 मध्ये ते गेले.

यावर कोणी म्हणेल, मग जातीची वेस संपली काय? मुळीच नाही. पुरावा नसलेला माणूस बहुधा कोण असतो हे पाहिले, की जुनी वेस नव्या यादीखाली दिसते. म्हणून तर बागुलांकडून शिकायचे आहे. दुसरा आक्षेप असा की साहित्य म्हणजे पाहणी अहवाल नव्हे, प्रत्येक वस्तीची नोंद त्याने का घ्यावी? मान्य. पण प्रश्न वस्तीचा नसून सीमेच्या जातकुळीचा आहे, आणि ती ओळखणे हे समीक्षेचेही काम होते. आपण मात्र ग्रामीण, दलित, महानगरीय असे कप्पे करून बसलो. बीडहून निघून रुळाकाठी वीस वर्षे राहिलेल्या आणि मग मानखुर्दच्या सातव्या मजल्यावर पोचवलेल्या कुटुंबाला यातला कोणता कप्पा देणार?

तिसरा आक्षेप भाषेचा: तिथे हिंदी, उर्दू, भोजपुरी चालते, मराठी लेखकाने तिथे काय शोधावे? देवनारच्या कचरावेचकांवर सौम्या रॉय यांचे ‘माउंटन टेल्स’ 2021 मध्ये आले, तेही इंग्रजीत. मला हे लागते. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’तली (1972) भाषा मध्यमवर्गीय वाचकाला इतकी अनोळखी होती, की प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांना ढसाळांकडूनच शब्द समजून घ्यावे लागले. लल्लूभाई कंपाउंडच्या जिन्यातली मराठी त्याहून परकी नाही.