दहा तारांचे मँडोलिन

मोरोपंतांच्या बारामतीचा मी. जोडीने येणाऱ्या नादाचे वेड आम्हांला आर्येतल्या यमकांनीच लावलेले. म्हणून इंदापूरच्या स्नेह्यांनी ‘दहा तारांचे मँडोलिन ऐकायला या’ असे कळवताच एस.टी. गाठली. वादक हौशी, पेशाने शिक्षक.

नेहमीच्या मँडोलिनला ८ तारा, म्हणजे चार जोड्या, मिळवणी व्हायोलिनसारखी. इथे खर्जाकडे पाचवी जोडी, चौथीहून एक पंचम खाली. गुरुजींनी दरबारी काढला. हा राग मंद्रात रमणारा. ते खाली खाली उतरले तेव्हा आम्ही सावरून बसलो. पण खरे सांगायचे तर तो खर्ज गुदमरलेला होता. तार जेमतेम चौदा इंच लांब. एवढ्या आखूड तारेतून खोल स्वर काढायचा तर ती जाड नि सैल ठेवावी लागते, मग नाद थोडा आणि धपधप फार.

आणखी एक अडचण. दरबारीतला गंधार झुलवायला तार ओढावी लागते, आणि जोडीतल्या दोन्ही तारा सारख्या ओढल्या जात नाहीत, जावाजावांसारख्या कुरकुरतात. स्वर लवकर विझतो म्हणून नखीची थरथर सुरू ठेवायची, तर सांत्वनाला आलेल्या माणसाने भराभर बोलावे तसे वाटते. मी हातात घेऊन पाहिले. पट्टी रुंद, अंगठा पाच मिनिटांत दुखला.

संगीतकार सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) मँडोलिनवर राग वाजवीत, मींडेसह. यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी जोड्याच काढल्या; विजेच्या मँडोलिनवर पाच सुट्या तारांतून कर्नाटक संगीत जगभर नेले.

“तुम्हीही जोड काढा,” मी म्हणालो.

“अहो, मग ही झळाळी कुठून आणू? त्यापेक्षा गिटार नाही का घेणार?”

मला उत्तर सुचले नाही. त्यांनी पहाडीतली धून धरली. आता खालच्या जोडीवर बोटच नव्हते. ती मोकळीच मधूनमधून छेडली जाई, आणि वरच्या चार जोड्या तिच्या आधाराने चमकत. अंगचा मंदपणाच तिला तिथे शोभला. आलापासाठी वाढवलेली जोडी षड्ज धरून बसण्यातच सुखी होती! दरबारीचा माझा आक्षेप मात्र मी मागे घेतलेला नाही.

“पुन्हा एकदा वाजवा,” असे मी तीनदा म्हणालो, आणि बारामतीची शेवटची गाडी गेली.