म्यानाची उपेक्षा

खंडेनवमीच्या सकाळी आपल्याकडील जुन्या घरांतून देवघरासमोर पाट मांडला जातो. तलवार असल्यास ती म्यानातून काढून पुसतात, तिला गंधफूल वाहतात. कोयता, विळा, कुऱ्हाड, सुताराचा वाकस, लोहाराचा हातोडा यांनाही तो मान मिळतो. म्यान मात्र भिंतीशी टेकवून ठेवलेले असते. ज्याने वर्षभर त्या पात्यास जपले, त्यास फूल नाही. गोष्ट लहान आहे. परंतु समाजाची कलेविषयीची दृष्टी अशा लहान गोष्टींतूनच प्रकट होते. म्यानाकडे आपण कलाकृती म्हणून पाहिले नाही, आणि न पाहण्याचे कारण केवळ रसिकतेचा अभाव हे नव्हे, असे आमचे म्हणणे आहे.

वास्तविक या प्रदेशाला शस्त्र अपरिचित नाही. डिचोली १७८०च्या दशकाच्या आरंभी आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांच्या हाती गेले; त्यापूर्वी येथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. त्या काळाची आठवण शिमग्यातील घोडेमोडणी अजून जागवते. कमरेस लाकडी घोडा बांधलेला वीर ढोल-ताशाच्या ठेक्यावर तलवार परजतो, तेव्हा सर्वांचे डोळे पात्यावर खिळतात. कोंकणीतल्या ‘तरसाद’ या शब्दातही पात्याचाच खणखणाट ऐकू येतो. म्यान कोणाच्या ध्यानीमनी नसते.

भाषेने मात्र त्यास विसरू दिले नाही. ‘तलवार म्यान करणे’ म्हणजे वैर आवरणे. ‘एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत’ हे आपण उठताबसता म्हणतो. ‘म्यान’ हा शब्द फारसीतून आला. संस्कृतात त्यास ‘कोश’ म्हणतात. तोच शब्द खजिन्यास, तोच शब्दसंग्रहास. तैत्तिरीयोपनिषदाच्या आधारे वेदान्त्यांनी आत्म्यावरील अन्नमयादी पाच आवरणांस हेच नाव दिले. ज्या वस्तूच्या नावाने आत्मविद्या सांगितली, ती वस्तू घडविणाऱ्या हातांविषयी आपण दोन वाक्येही लिहू नयेत, याचे नवल वाटते.

आता वस्तूकडे वळू. तलवारीचे जुने म्यान नुसत्या चामड्याचे नसते. दोन पातळ लाकडी फळ्या आतून पात्याच्या वळणाबरहुकूम कोरून जोडतात, वरून चामडे वा मखमल चढवितात आणि तोंडाशी व टोकाशी धातूची टोपणे बसवितात. यात केवळ शोभा नाही. चामडे ओल धरते. त्याच्या कमावणीतील द्रव्ये पात्यास लागली की लोखंड काळवंडते, गंजते. आमच्या कोकणपट्टीत पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली असते. म्हणूनच येथील कुळवाडी आपला कोयता कमरेच्या आकडीला उघडाच अडकवितो. त्या आकडीत गरिबी पाहणाऱ्यास हवामानाचे शहाणपण दिसत नाही.

याउलट अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतला. एका जत्रेत कोयत्यासाठी चामड्याचे देखणे म्यान विकत घेतले. वर वेलबुट्टी, कडेला रंगीत दोरा. मृगापासून दिवाळीपर्यंत कोयता त्यातच राहिला. बाहेर काढला तो पात्यावर तांबूस डाग पडले होते, आतून बुरशीचा वास येत होता, आणि धारेने कडेची शिवण अर्धीअधिक कापून टाकली होती. डिचोलीच्या बाजारात बसणाऱ्या एका वृद्ध कारागिरास ते दाखविले. त्याने वेलबुट्टीकडे पाहिलेदेखील नाही. कड बोटाने उलगडून तो एवढेच म्हणाला, “हांत पट्टी खंय आसा?”

एवढ्या एका प्रश्नात या कलेची सारी समीक्षा आहे. धारेच्या बाजूस चामड्याच्या दोन पदरांमध्ये तिसरी अरुंद पट्टी घालावी लागते. धार त्या पट्टीवर विसावते, दोऱ्यापर्यंत पोहोचत नाही. बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावलेले चामडे पाण्यात भिजवून मऊ करतात, तेल लावून मेणकापडात गुंडाळलेल्या पात्याभोवती ते दाबून बसवितात आणि सावलीत सावकाश वाळवितात. उन्हात घाई केली तर ते तडकते. मग आरीने समान अंतरावर भोके पाडून एकाच मेणदोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून दोन्ही बाजूंनी शिवण घालतात. असा एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही. यंत्राच्या शिवणीस हा गुण नाही. चांगल्या म्यानाची कसोटी तीन गोष्टींत आहे: पाते हाताला हिसका न देता बाहेर यावे, उलटे धरल्यास आपोआप गळू नये आणि धार कोठेही शिवणीस लागू नये. वेलबुट्टी ही त्यानंतरची गोष्ट. आज जत्रांतून आणि प्रदर्शनांतून जे म्यान मांडले जाते, त्यातील पुष्कळसे चौथ्या गोष्टीपासून आरंभ करते आणि पहिल्या तिहींपर्यंत पोहोचतच नाही.

त्या वृद्धाची हत्यारे पाहण्याजोगी होती. रापीचे पाते वर्षानुवर्षे शिळेवर घासून निम्मे झाले होते, पण धार अशी की चामडे आवाज न करता दुभंगे. प्रत्येक दहा-पंधरा कापांनंतर तो तिला चामड्याच्या गुळगुळीत तुकड्यावर दोनदा ओढी. आरीचे टोक मेणाच्या गोळ्यात खुपसून मगच भोक पाडी. संध्याकाळी सारी हत्यारे पुसून, तेलाचा हात फिरवून सुती फडक्यात गुंडाळी. रापी चामड्यात नव्हे, कापडात. धनी आपल्या तलवारीची निगा वर्षातून एकदा राखतो. हा माणूस रोज राखतो. खंडेनवमीचा खरा अर्थ कोणी जाणला, हे वाचकांनीच ठरवावे.

आता त्या दुसऱ्या कारणाकडे येणे प्राप्त आहे. आपण चामड्यास विटाळ मानला, असे म्हणणेही पुरते खरे नाही. पखवाजाच्या तोंडावर चामडेच असते आणि त्याच्या साथीवर देवासमोर भजन होते. चतुर्थीच्या आरतीत घुमट वाजते. त्यावर पूर्वी घोरपडीचे कातडे असे, वन्यजीव संरक्षणाचा १९७२चा कायदा आल्यावर बकऱ्याचे आले, आणि २०१९ साली गोवा शासनाने त्यास वारसावाद्याचा मान दिला. म्हणजे चामडे देवळात गेले. ते कमावणारा हात तेवढा पायरीखाली राहिला. महिपतींच्या ‘भक्तविजया’त (१७६२) आलेली संत रोहिदासांची कथा आपण भक्तिभावाने ऐकली, त्यांची पदे गुरू ग्रंथसाहेबातही समाविष्ट आहेत; तरी त्यांच्या व्यवसायातील माणसास आपण पंक्तीस घेतले नाही. घटनेच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता १९५० साली नष्ट केली. रसिकतेतील अस्पृश्यता मात्र कायद्याने जात नाही. ती जाणतेपणानेच घालवावी लागते. सोनाराच्या कलाकुसरीवर आपण भरभरून बोलतो, मूर्तिकारास शाल देतो. रापी धरणाऱ्याच्या कौशल्याची परीक्षा करण्यापुरतीही शब्दसंपत्ती आपल्यापाशी नाही, ती याच कारणाने.

त्या वृद्धाने आमच्या म्यानाची शिवण उसवली, आत पट्टी घातली, नव्याने दोन सुयांनी शिवून दिले आणि बजावले की, पावसात कोयता यात ठेवू नका. आपल्या वस्तूची मर्यादा सांगणारा विक्रेता विरळा. सांगणारा कलावंतच असतो. पुढच्या खंडेनवमीस पाटावर पात्याशेजारी म्यानही मांडावे, आणि ज्याने ते शिवले त्यास त्या दिवशी घरात बोलावून पाटावर बसवावे. पूजा त्यावाचून अर्धीच राहील.