आवक-जावक

शब्द टाइप करायचा, कळ दाबायची, की त्या शब्दाविषयी जेफरसन काय म्हणाला ते पडद्यावर हजर. २०१३च्या जूनमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ‘फाउंडर्स ऑनलाइन’ सर्वांना खुलं केलं, तेव्हापासून हे सुख फुकट मिळतं आहे आणि मीही ते मनसोक्त लुटतो. सोयीबद्दल माझी तक्रार नाहीच. सोयीच्या पाठोपाठ जे शहाणपण आलं आहे, त्याने माझं डोकं फिरतं. मजकूर हाती आला, आता वर्षानुवर्षं टिपा लिहीत बसणारे हे संपादक हवेत कशाला, असं अलीकडे बरे वाचणारे लोकही बोलू लागले आहेत. यंत्रं जुनी हस्ताक्षरं वाचायला लागल्यापासून तर त्यांचा आवाज चांगलाच चढला आहे.

पत्रसंपादनाच्या या कलेचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे असं धरून चालतो. जॅरेड स्पार्क्सने १८३०च्या दशकात वॉशिंग्टनच्या पत्रांचे बारा खंड काढले, त्यात सेनापतीच्या तोंडी शोभणार नाही अशी भाषा जागोजागी इस्त्री करून घेतली. एक रक्कम पिसूच्या चाव्याइतकी क्षुल्लक आहे असं वॉशिंग्टनने लिहिलं होतं, तिथे स्पार्क्सने सरकारी वळणाचं वाक्य बसवलं. पण भाषा सुधारण्याचा गुन्हा मी एकवेळ माफ करीन. अध्यक्षपदाच्या पहिल्या भाषणाचा वॉशिंग्टनने बाजूला ठेवलेला लांबलचक खर्डा याच माणसाने कात्रीने कापला आणि हस्ताक्षराचे तुकडे प्रसादासारखे चाहत्यांना वाटले. त्याला माफी नाही.

वॉशिंग्टनच्याच पत्रांचे फिट्झपॅट्रिकचे एकोणचाळीस खंड प्रामाणिक आहेत, पण एकतर्फी.

खरी गोष्ट सुरू होते १९५०मध्ये. प्रिन्स्टनमधून ज्युलियन बॉइडने संपादलेला जेफरसनचा पहिला खंड तेव्हा आला. त्याचं मोठेपण कागदाच्या दर्जात किंवा खंडांच्या संख्येत शोधणाऱ्यांना ते सापडलेलं नाही. बॉइडने ठरवलं की जेफरसनने लिहिलेली पत्रं छापायची, तशीच त्याला आलेलीही. आपल्या कुठल्याही कचेरीतला कारकून सांगेल, की नुसत्या जावक रजिस्टरावरून प्रकरण समजत नाही, आवकही पाहावं लागतं. पण तोवर थोर पुरुषांची पत्रं छापणारे बहुतेक जण फक्त जावक छापत. थोर माणूस बोलतो आहे आणि समोर बसलेलं जग मुकं आहे, असा तो देखावा.

गंमत म्हणजे जेफरसन स्वतःच पक्का कारकून होता. १७८३पासून १८२६मध्ये मरेपर्यंत त्याने पत्रांची आवक-जावक वही ठेवली: कोणाला लिहिलं, कोणाचं आलं, कधीचं होतं, कधी पोचलं. आज अस्तित्वात नसलेल्या कितीतरी पत्रांची नोंद त्या वहीत आहे, आणि बॉइडच्या परंपरेतले संपादक अशा हरवलेल्या पत्रांचाही उल्लेख करतात. न मिळालेल्या कागदाला जागा देणारं संपादन मला पोथीपेक्षा पवित्र वाटतं. शिवाय जेफरसन आपल्या पत्रांच्या दाबयंत्रावर नकला काढी. ओल्या पातळ कागदावर शाई उमटे ती उलटी, म्हणून कागदाच्या पाठीमागून वाचायची. त्यातल्या अनेक नकला आता पुसट झाल्या आहेत. हे वाचायला डोळे लागतात आणि तो माणूस कसा लिहितो याची वर्षांची सवय लागते.

आवक का हवी, याचा एक दाखला देतो आणि त्यावर जरा रेंगाळतो. १७९६च्या मे महिन्यात फिलाडेल्फियातल्या अध्यक्षांच्या घरून ओना जज नावाची गुलाम तरुणी निघून गेली. मार्था वॉशिंग्टनची ती खास दासी. ती न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्समथला असल्याचं कळल्यावर राष्ट्राध्यक्षांनी अर्थमंत्री ऑलिव्हर वोल्कॉटला लिहिलं, आणि काम गेलं पोर्ट्समथचा जकात अधिकारी जोसेफ व्हिपल याच्याकडे. पळालेली दासी धरून आणायला सरकारी जकात खातं! आता वॉशिंग्टनची पत्रं तेवढी वाचा. कोणीतरी पोरीला फूस लावली, ती कृतघ्न निघाली, आम्ही तिला लेकरासारखं वागवलं, असं दुखावलेल्या यजमानाचं चित्र उभं राहतं. मग व्हिपलचं उत्तर वाचा. तो तिला भेटला होता, तिच्याशी बोलला होता. फूस वगैरे काही नाही, तिला स्वातंत्र्य हवं आहे, आणि मालक-मालकिणीच्या मृत्यूनंतर ते मिळेल असं वचन दिलं तर ती परत यायला तयार आहे, असं तो वोल्कॉटमार्फत अध्यक्षांना कळवतो. वॉशिंग्टनने असली तडजोड साफ नाकारली: एकीला दिलं तर निष्ठेने राहिलेल्या बाकीच्यांवर अन्याय होईल. पुढे त्याने बजावलं की तिला आणताना गर्दी जमून दंगा होईल असं काही करू नये. ती परत गेलीच नाही आणि १८४८पर्यंत जगली.

नुसत्या जावकीत हे प्रकरण चोरीची फिर्याद वाटतं. आवक जोडली की त्यात एक बाई बोलू लागते, तीही तिसऱ्याच्या पत्रातून, अडखळत. पूर्ण संपादनाच्या बाजूने मला यापेक्षा मोठा युक्तिवाद सुचत नाही. जेफरसनच्या माँटिचेलो या घरून निघणाऱ्या त्याच्या निवृत्तिकाळाच्या खंडांत पॉप्लर फॉरेस्ट या त्याच्या मळ्यावरच्या हॅना नावाच्या गुलाम बाईचं १८१८चं पत्र छापलं आहे, धन्याच्या आजारपणाची विचारपूस करणारं. ते एका माजी राष्ट्राध्यक्षाच्या पत्रव्यवहारात इतरांच्या पत्रांइतक्याच मानाने बसतं. निवडक पत्रांच्या कुठल्या देखण्या पुस्तकात त्याला जागा मिळाली असती?

बॉइडचे दोष मला दिसत नाहीत असं नाही. टीप लिहायला बसला की त्याचा प्रबंध होई. आपल्याकडे राजवाड्यांच्या प्रस्तावना आठवा: साधनांच्या खंडात साधनं कुठे सुरू होतात ते शोधावं लागतं. १९८०मध्ये बॉइड वारला तेव्हा तीस वर्षांत त्याचा जेफरसन १७९१पर्यंतच पोचला होता. त्यात तो जेफरसनच्या पक्षाचा असा कट्टर, की हॅमिल्टनच्या मारिया रेनॉल्ड्स प्रकरणातली प्रेमपत्रं हॅमिल्टननेच रचली असावीत, असं त्याने अठराव्या खंडात मांडलं. कोलंबिया विद्यापीठात हॅमिल्टनचे खंड काढणाऱ्या हॅरॉल्ड सायरेटच्या चमूने एकविसाव्या खंडात त्याला लांबलचक उत्तर दिलं. जेफरसन आणि हॅमिल्टन यांचं मंत्रिमंडळातलं १७९०च्या दशकातलं भांडण १९७०च्या दशकात तळटिपांतून पुन्हा पेटलं. मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. ज्या संपादनावर कोणी भांडतच नाही, त्याला मी गोदाम म्हणतो.

आणि नेमकं गोदामच लोकांना हवं आहे. २००८च्या फेब्रुवारीत सेनेटच्या समितीपुढे या खंडांच्या मंदगतीची सुनावणी झाली. अ‍ॅडम्सच्या पत्रांचं काम २०५०च्या सुमाराला संपेल, असा तेव्हाचा अंदाज होता. पैसा देणारे चिडले, आणि चिडायला जागाही होती. पण त्यातून निघालेला धडा चुकीचा. टिपा बाजूला ठेवून उताऱ्यांचे ढीग आधी चढवा, असं वळण पडलं. त्या कच्च्या उताऱ्यांवर ही अंतिम प्रत नव्हे अशी सूचना असते, पण सूचना कोण वाचतो? उतारा उचलला जातो, सूचना मागेच राहते.

निवड करा, सगळं कशाला, असं म्हणणाऱ्यांना एडविन बेट्सची गोष्ट ऐकवावी. १९५३मध्ये त्याने जेफरसनची शेतीची वही पत्रांच्या जोडीने संपादली, आणि मोठ्या मायेने. माँटिचेलोतल्या खिळ्यांच्या कारखान्यात कामचुकारपणा केला म्हणून लहान पोरांना चाबकाचे फटके मिळतात, हे जावई रँडॉल्फने १८०१मध्ये सासऱ्याला कळवलं होतं. बेट्सने ते पत्र घेतलं आणि नेमकी ती ओळ गाळली. पूर्ण पत्र छापून आलं २००५मध्ये, त्याच रखडलेल्या, खर्चिक, सेनेटला खुपणाऱ्या मालिकेत. हेन्री विन्सेकने २०१२च्या पुस्तकात त्यावर बोट ठेवलं. ते पुस्तक मला भडक वाटतं, पण या मुद्द्यावर त्याच्याशी वाद नाही. मधली बावन्न वर्षं शेतीचा अभ्यास करणारे लोक बेट्सच्या गाळीव प्रतीवर भरवसा ठेवून होते.

मजकूर म्हणजेच कागद, असं समजणाऱ्यांसाठी मॅडिसन. १७८७च्या घटना अधिवेशनाची त्याची टिपणं म्हणजे जणू खोलीत बसवलेला ध्वनिमुद्रक, अशी श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या चालली. मेरी सारा बिल्डरने २०१५मध्ये ‘मॅडिसन्स हँड’ या पुस्तकात मूळ पानं, कागद आणि दुरुस्त्या तपासून दाखवलं, की त्याने ती वर्षानुवर्षं बदलली, आणि शेवटचा मोठा भाग अधिवेशन उरकल्यावर बऱ्याच काळाने लिहिला. पडद्यावरच्या सरळ अक्षरांत आधीची शाई आणि नंतरची शाई एकच दिसते. यंत्राला मॅडिसनचं अक्षर लागेल हो, पण खाडाखोड कोणत्या वर्षीची, हे त्याला विचारून बघा.

शोधचौकटीच्या भक्तांसाठी शेवटचा कागद. १७८९च्या ऑक्टोबरात कॅनडाच्या गव्हर्नरचा हस्तक जॉर्ज बेकविथ न्यूयॉर्कला येऊन हॅमिल्टनशी गुपचूप बोलला. अहवालात त्याने माणसांना आकडे दिले, हॅमिल्टनचा आकडा सात. बॉइडने त्यावर ‘नंबर ७’ नावाचं पुस्तकच लिहिलं. त्या अहवालात हॅमिल्टन शोधणाऱ्याला हॅमिल्टन दिसणार नाही, सात दिसेल. तरी आज चौकटीत नाव टाकलं की तो संवाद समोर येतो, कारण सायरेटच्या मंडळींनी तो हॅमिल्टनच्या खंडात घातला, वर मथळा लिहिला आणि खाली टीप दिली.