अजिंठ्याच्या भिंतीसमोर तिघीजणी

मागच्या व्याख्यानात आपण कलेतिहास ही ज्ञानशाखा कशी उभी राहिली ते पाहिलं. व्हासारी, विंकलमान, वोल्फ्लिन, मग आपल्याकडे हॅवेल आणि कुमारस्वामी. शेवटी मागच्या रांगेतून प्रश्न आला, ‘या यादीत बायका का नाहीत?’ आम्ही तेव्हा वेळ संपल्याचं कारण सांगून सुटलो. आज त्याच प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो टाळण्यात आमचीच चूक होती.

1971 साली लिंडा नॉक्लिन यांनी थोर स्त्री-कलावंत का झाल्या नाहीत असा सवाल टाकला आणि त्यावर पुष्कळ चर्चा झाली. पण कलावंत सोडा, कलेचा इतिहास लिहिणाऱ्या बायकांचं काय? आमचं म्हणणं असं, की त्या होत्या. फक्त त्यांनी केलेल्या कामाला आपण ‘नक्कल’, ‘भाषांतर’, ‘मार्गदर्शिका’ अशी नावं दिली आणि ती नावं दुय्यम ठरवली. उदाहरणाला लांब जायला नको. अजिंठा घेऊ.

क्रिस्तियाना हेरिंगहॅम. ही स्लाइड 1915 साली लंडनच्या इंडिया सोसायटीनं काढलेल्या ग्रंथाची. बाई पहिल्यांदा अजिंठ्याला आल्या 1906 मध्ये. नंतर 1909 ते 1911 या काळातले दोन हिवाळे त्यांनी फर्दापूरला तळ ठोकून काढले. पन्नाशी उलटलेली. तोवर अजिंठ्याच्या प्रतिकृतींचं नशीब मोठं विचित्र होतं. रॉबर्ट गिलनं केलेल्या बहुतेक प्रती 1866 च्या लंडनमधल्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांनी 1872 पासून कित्येक वर्षं खपून नव्या केल्या, त्यातल्याही पुष्कळ 1885 मध्ये लंडनलाच जळाल्या. इकडे भिंतीवरचा गिलावा दरवर्षी थोडाथोडा पडतच होता.

पण हेरिंगहॅमबाईंची तयारी वेगळी होती, आणि इथे जरा थांबायला हवं. 1899 मध्ये त्यांनी चेन्निनो चेन्निनी या जुन्या इटालियन चित्रकाराच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केलं होतं. गिलावा कसा लावायचा, अंड्याच्या बलकात रंग कसा कालवायचा, कोणत्या थरावर कोणता थर, असं सगळं त्या पुस्तकात आहे. बाईंनी ते नुसतं भाषांतरित केलं नाही, त्या कृती स्वतः करून पाहिल्या. म्हणून अजिंठ्याच्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर त्यांना पद्मपाणीच्या चेहऱ्यावरच्या करुणेइतकंच आणखी काही दिसलं: पांढऱ्या गिलाव्यावर आधी ठाशीव तांबडी रेघ, त्यावर रंग, आणि मग तपकिरी-काळ्या रेघेनं आकृती पुन्हा बांधून घेणं. जिथे रंग उडालाय तिथे ती पहिली तांबडी रेघच उरते. हे त्यांनी आपल्या टिपणात नोंदवलं आहे. चित्र कोणत्या क्रमानं घडलं हे सांगणं म्हणजे इतिहास सांगणं नव्हे तर काय?

आता नकलेबद्दल. फुटलेल्या, काजळलेल्या, आधीच्या लोकांनी रोगण फासलेल्या भिंतीवरून नक्कल करायची म्हणजे क्षणाक्षणाला निर्णय घ्यावे लागतात. ही रेघ मूळची की नंतरची? हा डाग की बोट? तुटलेला हात पुरा करायचा का तसाच सोडायचा? प्रत्येक प्रतिकृती म्हणजे एक अर्थ लावणं आहे, आणि ते चुकूही शकतं. हेरिंगहॅमबाईंच्या प्रती काही ठिकाणी गोड वाटतात हे आम्ही कबूल करतो. पण पुढच्या पिढ्यांनी अजिंठ्यावर जे लिहिलं त्यातलं बरंचसं अशा प्रतींच्या छपाईकडे बघून लिहिलं, हेही तितकंच खरं.

त्या पुस्तकाचं मुखपृष्ठ मात्र नीट वाचा. ‘लेडी हेरिंगहॅम आणि त्यांचे साहाय्यक’ यांनी केलेल्या प्रती, असं तिथे म्हटलंय. लेडी हा किताब नवऱ्यामुळे आला; डॉक्टरसाहेबांना सर ही पदवी मिळाली म्हणून. आणि साहाय्यक कोण? नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्त, हैदराबादहून आलेले सय्यद अहमद आणि फझलुद्दीन, शिवाय डोरोथी लार्चर. नंदलाल आणि असितकुमार यांनी तिकडे गेलंच पाहिजे म्हणून आग्रह धरणाऱ्या भगिनी निवेदिता तर मुखपृष्ठाच्या आसपासही नाहीत. म्हणजे बाईंना जो अन्याय सोसावा लागला तसाच त्यांच्या नावाखाली इतरांनाही सोसावा लागला. हे सांगितल्याशिवाय त्यांचं कौतुक करणं आम्हाला बरं वाटत नाही.

ग्रंथ निघाला तेव्हा बाई मनोरुग्णालयात होत्या. 1911 ला परतल्यावर मन बिघडलं ते 1929 पर्यंत, मृत्यूपर्यंत, सावरलं नाही. त्यांचं सविस्तर चरित्र यायला 1996 साल उजाडलं, आणि तेही मेरी लॅगो या दुसऱ्या एका बाईनंच लिहिलं.

दुसऱ्या, स्टेला क्रॅमरिश. मोराव्हियात जन्म, व्हिएन्नात डॉक्टरेट, टागोरांच्या बोलावण्यावरून शांतिनिकेतन, आणि मग 1924 ते 1950 कलकत्ता विद्यापीठ. 1924 मध्येच त्यांनी विष्णुधर्मोत्तराच्या तिसऱ्या खंडातल्या चित्रविषयक भागाचं भाषांतर केलं. त्यात वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्तिविद्या विचारतो, तर ऋषी म्हणतात आधी चित्र शीक. चित्र समजायला नृत्य, नृत्याला वाद्य, वाद्याला गाणं. एका भाषांतरानं प्रश्नच बदलला बघा. पूर्वी विचारायचे, या चित्रात शरीररचना बरोबर आहे का? आता विचारता येऊ लागलं, या चित्रात लय कुठे आहे?

1937 च्या दख्खनी चित्रकलेवरच्या पुस्तकात क्रॅमरिश आणखी पुढे गेल्या. अजिंठ्यात पर्स्पेक्टिव्ह नाही, खोली नाही, अशी तक्रार जुनी. त्यांनी सांगितलं, अहो, चित्र आत जातच नाही, ते तुमच्याकडे येतं. ते ठोकळ्यांसारखे खडक आठवा, पायऱ्यापायऱ्यांनी बाहेर झुकणारे. पुढच्या वेळी लेण्यात गेलात तर एवढंच बघा. आम्हाला तरी त्यानंतर ती भिंत पूर्वीसारखी दिसली नाही. त्यांचं गद्य मात्र जड आहे, आणि प्रत्येक आकारामागे तत्त्वज्ञान शोधायची त्यांची सवय कधीकधी चित्रावरच चढून बसते. लेण्याला पैसे कोणी दिले, काम किती दिवस चाललं, या व्यवहारी गोष्टींत त्यांना फारसा रस नव्हता.

तो रस तिसरीला होता. देबला मित्र. पुरातत्त्व खात्यातल्या अधिकारी, पुढे 1981 मध्ये त्याच खात्याच्या पहिल्या महिला महासंचालक. ओडिशातल्या रत्नागिरीचं उत्खनन त्यांचं. 1956 साली त्यांनी अजिंठ्यावर एक छोटी सरकारी मार्गदर्शिका लिहिली. लेण्यांचा क्रम, कोणत्या भिंतीवर कोणतं जातक, शिलालेख काय म्हणतो, सगळं कोरडं, एकही विशेषण जास्त नाही. आपल्यातल्या किती जणांनी ती हातात धरून लेणी पाहिली असतील! लेखिकेचं नाव किती जणांना आठवतं? आम्हीही व्याख्यानाची तयारी करताना कपाटातून ती पुस्तिका काढली तेव्हा ते पहिल्यांदा नीट वाचलं. मागच्या रांगेतल्या त्या ताई आज आल्या असतील तर हे त्यांना सांगायचं होतं.

आता प्रश्न घेऊ. लेणे क्रमांक 17 ची स्लाइड पडद्यावर राहू द्या.