स्वयंपाकघरांतील औचित्यविचार

काव्याचें परीक्षण करितांना आपण गुण, रीति, अलंकार अशा अनेक कसोट्या लावतों. परंतु अकराव्या शतकांतील काश्मिरी पंडित क्षेमेन्द्र यानें औचित्य हेंच काव्याचें जीवित मानलें. वस्तु कितीहि सुंदर असली तरी अस्थानीं पडली म्हणजे शोभा घालविते, हें त्याच्या विवेचनाचें सार. ही कसोटी जेथें रोज लागावयास हवी, तेथें ती कधींच लागत नाहीं. ती जागा म्हणजे आपलें स्वयंपाकघर.

गेल्या वर्षीं मातोश्री निवर्तल्या आणि घराचा माळा उपसण्याचा प्रसंग आला. पितळेचीं, तांब्याचीं, स्टेनलेस पोलादाचीं मिळून शंभरांवर भांडीं निघालीं. बहुतेकांवर देणाऱ्याचें नांव कोरलेलें. पुष्कळांच्या बुडास धूर कसा तो लागलेला नव्हता. आई चाळीस वर्षें ज्या पांच भांड्यांत रांधीत होती, तीं माळ्यावर नव्हतींच. तीं खालीं ओट्याशीं होतीं. त्याच आठवड्यांत माझ्या कन्येनें नव्या बिऱ्हाडाकरितां मागविलेला अठरा नगांचा संच दाराशीं आला. तेव्हां आहेर करणारे भांडीं निवडीत, आतां विक्रेता निवडतो. रांधणाऱ्याचें मत तेव्हांहि कोणी विचारलें नाहीं व आतांहि नाहीं.

संचाचें परीक्षण करूं. त्यांतील तव्यांवर व कढयांवर न चिकटणाऱ्या द्रव्याचा लेप आहे. हें द्रव्य १९३८ सालीं अमेरिकेंत रॉय प्लंकेट या रसायनज्ञास योगायोगानें सांपडलें. धिरड्यास व आंबोळीस तें उत्तम. परंतु सुमारें २६० अंश सेल्सिअसच्या पुढें तें बिघडूं लागतें, आणि रिकामा तवा मोठ्या आंचेवर तेथवर पोंचण्यास कांहीं मिनिटेंच पुरतात. ज्या घरांत रोज भाकरी होते व तवा आधीं कोरडाच तापवावा लागतो, तेथें हा लेप अस्थानीं होय.

पातेलीं पातळ स्टेनलेस पोलादाचीं आहेत. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनें १९१३ सालीं गंज न धरणारें पोलाद केलें. आंबटास तें भीत नाहीं, कल्हई मागत नाहीं. दोष एवढाच कीं तांब्याच्या मानानें तें सुमारें पंचविसाव्या हिश्शानेंच उष्णता वाहून नेतें. त्यामुळें ज्योत जेथें लागते तेथेंच खीर करपते. बुडांत तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा जाड थर असलेलें एकच पातेलें घ्यावें; तें अशा चार पातेल्यांहून अधिक उपयोगीं पडेल.

यावरून आजीच्या पितळेकडे परत चला, असें मी म्हणतों असें कोणीं समजूं नये. पितळेस कल्हई हवी; ती कथलाची, आणि कथील २३२ अंशांस वितळतें. कल्हई उडालेल्या भांड्यांत आमटी कळकते. कल्हईवाल्याची हांक माझ्या गल्लींत आतां ऐकूं येत नाहीं; मग तें पितळ शोभेपुरतेंच उरतें. पुण्याच्या तांबट आळींतील कारागिरांच्या मठारकामाची आपण आज नक्षी म्हणून वाखाणणी करतों. वस्तुतः त्या ठोक्यांनीं पत्रा कठीण व ताठ होतो. उपयोग विसरला कीं गुणहि अलंकार होऊन बसतो.

चौघांच्या घरास माझ्या मतें पांच भांडीं पुरेत. डाळ-भातास प्रेशर कुकर. त्यांतील पाणी सुमारें १२० अंशांवर उकळतें, म्हणून तूर लवकर शिजते. आमटीस व दुधास वर सांगितलेलें जाड बुडाचें पातेलें. पोळी-भाकरीस लोखंडी तवा. परतण्यास व तळण्यास लोखंडी कढई. मात्र चिंच-आमसुलाचा पदार्थ तींत ठेवूं नये, तो काळा पडतो. १९९९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झालेल्या इथिओपियांतील एका प्रयोगांत, लोखंडी भांड्यांत शिजविलेलें अन्न खाणाऱ्या मुलांचा रक्तक्षय, ॲल्युमिनियमच्या भांड्यांतील अन्न खाणाऱ्यांपेक्षां अधिक कमी झालेला आढळला. पांचवें, फोडणीचें कढलें. सहावें भांडें घेण्यापूर्वीं तें कोणत्या पदार्थावांचून अडलें, हें सांगतां आलें पाहिजे.

ही यादी करून मी ओट्यापाशीं गेलों, तों आईचीं पांचहि भांडीं हींच निघालीं. फक्त तिचें पातेलें जुन्या जाड पितळेचें होतें. येथवर येण्यास मला क्षेमेन्द्र व पदार्थविज्ञान यांचा आधार घ्यावा लागला. आम्हांपैकीं कोणी तिला एकदां विचारलें असतें, तर तिनें ती उभ्या उभ्या सांगितली असती.